भीषण कादंबरीचा शेवट आणि आपली सोवळी अभिरुची

भीषण कथांविषयी आपल्या सुशिक्षित समाजात एक ठरीव मत आहे. ज्या पुस्तकात पानोपानी रक्त सांडते ते वाङ्मय नव्हे, आणि अशा पुस्तकांची मालिका निघाली तर तो शुद्ध व्यापार होय, असे ते मत. हे मत बाळगणाऱ्यांनी ती पुस्तके बहुधा वाचलेली नसतात. वाचली असली तरी ती वाचल्याचे कबूल करण्याची त्यांची तयारी नसते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा ज्यांनी रात्री जागून वाचल्या, तेच वाचक वाङ्मयचर्चा निघाली की त्यांची नावे दबक्या आवाजात घेतात. अभिरुचीचे हे सोवळे आम्हांला मान्य नाही. त्याचा परामर्श घेण्यासाठी आम्ही मुद्दामच अशा जातीचे उदाहरण घेतो की जिचा बचाव करण्यास कोणी धजणार नाही.

ही जात म्हणजे अमेरिकेत ज्याला ‘स्लॅशर’ म्हणतात ती. मुखवटा घातलेला खुनी, एखादे आडवळणाचे गाव, एकामागून एक मारली जाणारी तरुण मुले, आणि अखेर एकटी उरलेली एक मुलगी, एवढीच हिची सामग्री. स्टीफन ग्रॅहॅम जोन्स हे ब्लॅकफीट या आदिवासी जमातीचे लेखक आणि कोलोरॅडो विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी याच सामग्रीवर तीन कादंबऱ्या रचल्या: ‘माय हार्ट इज अ चेनसॉ’ (२०२१), ‘डोन्ट फिअर द रीपर’ (२०२३) आणि ‘द एंजल ऑफ इंडियन लेक’ (२०२४). यांपैकी शेवटची कादंबरी मालिकेचा पूर्ण समाधान देणारा शेवट करते, असे आमचे म्हणणे आहे. आणि असे समाधान देणे ही हलकी गोष्ट नसून या वाङ्मयप्रकारात ती जवळजवळ अशक्य मानली गेलेली गोष्ट आहे, हे आम्ही दाखवू इच्छितो.

अशक्य का, ते पाहा. ‘स्लॅशर’चा खुनी मरत नाही, कारण तो मेला तर पुढचे तिकीट खपणार नाही. १९७८ सालच्या ‘हॅलोवीन’ या चित्रपटात गोळ्या खाऊन सज्जावरून खाली पडलेला खुनी क्षणार्धात तेथून नाहीसा होतो, आणि तेव्हापासून तो रुपेरी पडद्यावर वारंवार परतला आहे. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेतील चौथ्या चित्रपटाला १९८४ साली ‘अखेरचा अध्याय’ असे नाव दिले गेले, आणि १९८५ साली पुढचा चित्रपट निघाला तो ‘नवा आरंभ’ या नावाने! कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली लोटले आणि १९०३ साली त्याला परत आणले, हा प्रकार आपल्याला ठाऊकच आहे. परंतु तेथे निदान नायक परत आला. येथे परत येतो तो घातकी. ज्या प्रकाराची सारी बांधणी शेवट नाकारण्यावर उभी आहे, त्यात प्रामाणिक शेवट करणे हे व्यापाराच्या विरुद्ध जाणारे कृत्य आहे. व्यापार म्हणून या पुस्तकांना हिणवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता कथेकडे वळू. आयडाहो प्रांतातील प्रूफरॉक या छोट्या गावात जेड डॅनियल्स नावाची सतरा वर्षांची मुलगी राहते. बाप आदिवासी आणि दारुडा, आई घर सोडून गेलेली. गावाजवळचे सरोवर धरणाने बनलेले असून त्याच्या तळाशी एक जुने गाव बुडालेले आहे. पलीकडच्या काठावर धनिकांची नवी वसाहत उठते आहे. जेडला साऱ्या जगात एकच विद्या येते, ती म्हणजे रक्तपाताचे चित्रपट. इतिहासाच्या शिक्षकांना, होम्स सरांना, ती याच विषयावर निबंधामागून निबंध लिहून देते. गावात खून होऊ लागताच तिला खात्री पटते की हा खराखुरा ‘स्लॅशर’ आहे, आणि म्हणून त्यात ‘अखेरची मुलगी’ही असलीच पाहिजे.

ही ‘अखेरची मुलगी’ म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. कॅरॉल क्लोव्हर या विदुषीने १९८७ सालच्या एका निबंधात हे नाव रूढ केले आणि १९९२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. सर्व मेल्यावर जी जगते, खुन्याला तोंड देते, आणि जिचे वर्तन इतर मुलांसारखे स्वैर नसते, ती ही मुलगी. जेड या पदासाठी धनिक वसाहतीतील लेथा मॉन्ड्रॅगन हिला निवडते. स्वतःला निवडत नाही. का? आपण ‘निर्मळ’ नाही, असे तिच्या मनाने घेतले आहे. आणि ते तसे का घेतले आहे, हा या मालिकेचा खरा विषय आहे. तिच्या जन्मदात्यानेच तिच्यावर अत्याचार केलेला आहे. तिच्या निबंधांत ‘मी’ हा शब्द येतो, परंतु तो केवळ चित्रपटांविषयी बोलण्यापुरता. स्वतःची कथा सांगण्याऐवजी ती सैतानाच्या कथा सांगते. वाचणाऱ्याला मात्र या साऱ्या मुखवट्यांआड एक मूल मदत मागत असल्याचे ऐकू येते.

पहिल्या दोन कादंबऱ्यांची कथा लेखक तृतीय पुरुषात सांगतो. दुसऱ्या कादंबरीच्या अखेरीस जेड आपल्या मैत्रिणीला वाचवण्यासाठी दोष स्वतःवर घेऊन तुरुंगात जाते. तिसऱ्या कादंबरीत चार वर्षांनी ती गावात परतते आणि ज्या विषयाच्या तासाला ती असले निबंध लिहीत असे, तो इतिहास स्वतः शिकवू लागते. आणि आता कथा सांगते ती स्वतः, प्रथम पुरुषात. केवढा हा पालट! एकदा निबंधाच्या आडोशाने बोलणारी मुलगी आता उघड ‘मी’ म्हणते. सरोवराच्या शापाचे पुढे काय होते, हे सांगून वाचकाचा हक्क आम्ही हिरावून घेणार नाही. खुनी मरतो की नाही, हा प्रश्न या शेवटाचा गाभाच नव्हे. आम्ही म्हणतो ते समाधान या ‘मी’मध्ये आहे.

येथे एक विद्वान आक्षेप पुढे येतो: समाधानकारक शेवट ही बालिश वाचकांची गरज आहे, प्रौढ कलाकृती प्रश्न अनुत्तरित ठेवते. हे मत आपल्याकडे पाश्चात्त्य टीकेतून आले आणि वेदवाक्य होऊन बसले. भरतमुनींनी नाट्याचे पाच संधी सांगितले आणि पाचव्यास ‘निर्वहण’ असे नाव दिले. पेरलेली सर्व बीजे तेथे फळास यावीत आणि तेथे अद्भुत रस असावा, अशी त्यांची अपेक्षा. भयानक आणि बीभत्स यांनाही त्यांनी रसांच्या पंगतीत बसवले. दारातून हाकलून दिले नाही. फळास येणे म्हणजे सर्वांचे कल्याण होणे नव्हे; जे देणे उभे राहिले ते फिटणे, एवढाच त्याचा अर्थ.

महाभारतातील सौप्तिक पर्व आठवा. रात्री शिबिरात शिरून निजलेल्यांची कत्तल करणारा अश्वत्थामा, आणि दारात वाट अडवून पळणाऱ्यांना मारणारे कृप आणि कृतवर्मा, हे दृश्य कोणत्याही ‘स्लॅशर’ला भारी पडेल. परंतु व्यास तेथे थांबत नाहीत. मागे उरलेली एक स्त्री, द्रौपदी, हिशेब मागते. अश्वत्थाम्याचा वध होत नाही; त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो आणि त्याला भटकण्याचा शाप मिळतो. गेलेले पाच पुत्र परत येत नाहीत. तरीही वाचकाला काही एक पूर्ण झाल्याचा प्रत्यय येतो, कारण जिचे नुकसान झाले तिचा शब्द ऐकला गेला. जोन्स यांचा शेवट आणि व्यासांचा शेवट यांची तोलामोलाची तुलना आम्ही करीत नाही. पण दोन्हींचा धर्म एक आहे.

या कादंबऱ्यांत दोष नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. पात्रांची गर्दी फार. शेकडो चित्रपटांचे उल्लेख ज्याने ते पाहिले नाहीत त्याला अडवतात. तिसऱ्या भागात प्रेतांची रास इतकी वाढते की भयाची धार मधूनमधून बोथट होते. लहान मुलांच्या हाती ही पुस्तके देऊ नयेत, हेही खरे. परंतु ‘घरात असले पुस्तक नको’ असे म्हणणाऱ्या सभ्य गृहस्थांचा खरा विरोध रक्ताला असतो असे आम्हांला वाटत नाही. द्रोणपर्वातील रक्त त्यांना चालते. वर्तमानपत्रातील खून ते चहाबरोबर वाचतात. त्यांना अडचण होते ती घरातल्या घरात घडणाऱ्या ज्या गोष्टीचे नाव हे पुस्तक उच्चारते, तिची. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्ध आपल्याकडे २०१२ साली स्वतंत्र कायदा झाला. परंतु ‘घराची अब्रू’ नावाचा त्याहून जुना कायदा अजून रद्द झालेला नाही, आणि त्याचे पहिले कलम मुलीने गप्प बसावे हेच आहे.

म्हणून आपल्या मोठ्या मुलीच्या हातात असे पुस्तक दिसले तर ते हिसकावून घेण्यापूर्वी तिला त्यात काय सापडते, हे विचारावे, आणि उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. बहुतेक वेळा उत्तर साधे असेल: मजा वाटते, भीती वाटते. ते पुरेसे आहे. पण शंभरात एखादीचे उत्तर निराळे असेल, आणि ते देण्यासाठी तिला दुसरी भाषा मिळालेली नसेल. तिचे ते वाचन जी अभिरुची हलके ठरवते, ती वाङ्मयाचे रक्षण करीत नाही. ती फक्त एका मुलीचे तोंड बंद करते.