कडू आहे, मग?

मे महिन्यात पुण्याहून सांगलीला निघालो तेव्हा एका छोट्या ब्रुअरीच्या पेल एलच्या चार बाटल्या सोबत घेतल्या होत्या. (परवाना आहे हो, काळजी नसावी.) रात्री साताऱ्यात चुलतभावाकडे मुक्काम. फ्रीजमधली उरलीसुरली जागा साबुदाण्याच्या पिठानं अडवलेली, त्यामुळे दोनच बाटल्या आत गेल्या. दोन डिकीत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच शिजल्या. त्यानंतरच्या भांडणाचं मूळ तिथं आहे.

साताऱ्याच्या भावानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "काढा आहे. टक्के किती?" मी म्हटलं, पाच. "पाचच? एवढ्या पैशात तिकडं आठवाल्या दोन येतात की." निकाल लागला, फाइल बंद.

सांगलीच्या मित्राकडं उरलेल्या दोन बाटल्या पुन्हा गार करून उघडल्या. तो जरा शौकीन. त्यानं लेबल वाचलं, ग्लास गोल फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ग्रेपफ्रूट. पाइन. मस्त." मी प्यायलो तर काय, वास ओल्या पुठ्ठ्याचा! उन्हानं बिअर मेली होती, आणि हा छापलेली फळं मोजत होता. ग्रेपफ्रूट त्यानं जन्मात खाल्लेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मला भावापेक्षा या मित्राचा राग जास्त आला. कारण हा हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातला. हळकुंड मोडलं की कसा आवाज येतो, आतला रंग किती पिकलाय, नीट वाळलंय की वरवर, हे तो एका क्षणात सांगतो. पोत्यावर काय लिहिलंय याला तिथं कुणी विचारत नाही. हरिपूरच्या पेवांतून निघालेल्या हळदीचा वास घेत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांनी बाटलीवरच्या चार इंग्रजी शब्दांपुढं नाक टेकावं? ज्या जिभेवर आपण धंदा करतो, ती ग्लास हातात आला की गहाण का पडते?

आता त्या कडवटपणाबद्दल. हॉप्स ही एका वेलाची शंकूसारखी फुलं, आपल्याकडं हिमाचलात लाहौलला थोडी पिकतात. ती उकळीच्या सुरुवातीला टाकली की कडूपणा उतरतो. शेवटी, किंवा बिअर गार झाल्यावर टाकली की सुगंध येतो. आमटीत आधी शिजलेलं आलं आणि वरून घातलेली कोथिंबीर, तसाच हा हिशेब. त्यातला सुगंध नाजूक, ऊन आणि दिवस दोन्ही त्याला खातात. कडूपणा मात्र बराचसा मागं राहतो, उघडावाघडा. 'इंडिया पेल एल' हे नाव पडलं ते एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडहून महिनोन्‌महिने समुद्रातून इकडं येणाऱ्या बिअरमुळं. भरपूर हॉप्स घातले की बिअर वाटेत आंबत नसे. आंबत नसे एवढंच. ताजी राहत असे असं नव्हे.

साताऱ्यातली गार बाटली खरंच चांगली होती. मी ती दहा मिनिटं बाहेर ठेवून प्यायलो, कारण बर्फगार बिअरला चव नसते, नुसता गारवा असतो. आधी पपनसाच्या सालीचा वास, गणपतीत आपण सोलतो त्या. मग कोवळ्या कैरीचा चीक. मधे भाजलेल्या धान्याची जराशी गोडी. शेवटी कडू, पण मेथीच्या भाजीसारखं, घास गिळल्यावर मागून येणारं. एक दोषही होता: ती गोडी अंमळ कमी पडली, म्हणून शेवट कोरडा आणि लांबट वाटला. दहातले सात द्यावेत. हे सगळं मराठीत सांगता येतं, आणि त्यासाठी परदेशी जावं लागत नाही.

भावाचं मात्र मला पूर्ण खोटं ठरवता येत नाही. दिवसभर राबून आलेला माणूस रुपयाला किती चढते हे मोजतो, यात त्याचा दोष कमी आणि भावाचा, म्हणजे किमतीचा, जास्त. आणि ज्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तिथं जाऊन चवीवर व्याख्यान देण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण माझा भाऊ रोजंदारीवर नाही, सरकारी पगारावर आहे. तो घरच्यांना चोरून, उभ्या-उभ्या, गाडीच्या आडोशाला दोन आठवाल्या संपवतो आणि वर बडीशेप खातो. चव घ्यायला थांबावं लागतं, आणि थांबलं की कुणीतरी बघेल. आमचे एक काका असेच घाईघाईनं प्यायचे. पन्नाशी गाठली नाही त्यांनी. ते गेले तेव्हा भाऊ दहावीत होता, हे मी त्याला त्या रात्री बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

मित्राला मात्र फोन केला. म्हटलं, ती बिअर खराब होती, चूक माझी, डिकीत ठेवली. क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, "मला आधीच पुठ्ठा लागला होता रे. पण तू पुण्याहून आणलेली, म्हटलं आपल्यालाच कळत नसेल."

पुढच्या खेपेला लेबल काढून नेणार आहे. आणि बर्फाचा डबा.