मोटार शेतकऱ्याची, ओटीपी मात्र दुसऱ्याच्या फोनवर

फोनवरून शेतातली मोटार चालू-बंद करणारे मोबाईल स्टार्टर माझ्या दुकानात दुरुस्तीला येतात, त्यातले बरेच बिघडलेले नसतात. कॉन्टॅक्टर ओढतो, रिले चांगली असते, तिन्ही फेजचे दिवे लागतात, मोटारीचं वायंडिंग शाबूत असतं. फक्त तो डबा मालकाच्या फोनमधल्या ॲपला जोडत नाही. शेतकरी काउंटरवर डबा ठेवतो आणि म्हणतो, "मिस्त्री, मोटार एकदम ओके हाय, पण ॲप म्हणतंय डिव्हाईस ऑफलाईन." जेऊरला मी पंप, पॅनेल आणि रिवायंडिंगचं काम करतो. जळलेली मोटार भरून देणं मला जमतं, पण चांगल्या मोटारीला दूरच्या सर्व्हरनं ओळखच नाकारली, तर माझ्या हातातला टेस्टर काय करणार?

आमचा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटेल, ॲप चालत नसेल तर जाऊन हातानं बटण दाबावं. जेऊर, चिखलठाण, वाशिंबे, केत्तूर, कंदर या पट्ट्यात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर केळी आणि ऊस उभा आहे. मोटार धरणाच्या काठाला आणि पाईपलाईन कित्येकांची दोन-चार किलोमीटर आत. धरण भरत आलं की मोटारी मागं ओढायच्या, पाणी उतरलं की चाऱ्या खोदून आणि केबल वाढवून त्या पुन्हा पुढं न्यायच्या. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली, पलीकडच्या काठाचं पळसदेवचं बुडालेलं मंदिर उघडं पडलं, तेव्हा वस्ती आणि मोटार यांच्यातलं अंतर आणखी वाढलं होतं. त्यात शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासांची. पाळी रात्रीची असली की लाईट येईल तेव्हा उठायचं, मधेच गेली तर पुन्हा यायची वाट बघत बसायचं.

आणि रात्री उसातून चालत जायचं म्हणजे काय, हे आमच्या करमाळा तालुक्याला सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये बिबट्यानं या तालुक्यात तिघांचा जीव घेतला. त्यात ऊसतोड कामगाराची एक लहान मुलगी होती. अखेर त्याला गोळी घालावी लागली. त्या महिन्यात संध्याकाळनंतर शेताकडं कुणी फिरकत नव्हतं. ज्यांच्या पॅनेलमध्ये मोबाईल स्टार्टर होता, त्यांनी घरात बसून पिकाला पाणी दिलं. ओल्या पायानं पॅनेल उघडताना बसणारा शॉक, बांधावरचा साप, हे धोके तर बारमाही आहेत. म्हणून मोबाईल स्टार्टरला चैनीची वस्तू म्हणणाऱ्याशी माझं पटत नाही. हे यंत्र आमच्याकडं माणूस वाचवतं, आणि म्हणूनच ते फुटकळ कारणानं बंद पडतं तेव्हा मला राग येतो.

एक प्रसंग सांगतो. धरणकाठच्या एका वाडीतला तरुण आला. वडील वारलेले. स्टार्टर वडिलांच्या मोबाईल नंबरवर नोंदवलेला. घरच्यांच्या दुःखात त्या नंबरचा रिचार्ज राहिला आणि नंबर बंद झाला. पोराचा स्वतःचा फोन खराब झाला, नवा घेतला, त्यात ॲप टाकलं, तर ॲप म्हणतं ओटीपी टाका. ओटीपी जाणार वडिलांच्या नंबरला. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर उत्तर मिळालं की नोंदणी केलेल्या नंबरवरूनच फोन करा. मेलेल्या माणसानं फोन कुठून करायचा? बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे उद्या या पोराच्या मोटारीचा ओटीपी कुण्या परक्याच्या फोनवर जाणार. बागेत घड लागलेले, ऐन एप्रिल, आणि केळीला त्या दिवसांत पाणी चुकून चालत नाही. मी तो डबा बाजूला काढला, साधा स्टार्टर बसवून हिरवं-लाल बटण जोडून दिलं. मोटार चालू झाली. पण पोरगा त्या हंगामात रात्री काठावर झोपला. ज्या सोयीसाठी बापानं पैसे मोजले होते, ती सोय बापाबरोबरच गेली.

सगळेच डबे असे अडलेले नसतात, हेही सांगायला हवं. बहुतेकांचं दुखणं सिममध्ये असतं. म्हणून मी आधी डबा उघडत नाही. त्यातल्या सिमच्या नंबरला, नोंदवलेल्या फोनवरून, साधा कॉल लावायला सांगतो. रिंग गेली तर सिम जिवंत आहे, नेटवर्क आहे, बिघाड इंटरनेटच्या बाजूला किंवा ॲपमध्ये आहे. 'बंद आहे' असं ऐकू आलं तर रिचार्ज बघायचा, नाहीतर डब्याला वीज पोचते का ते बघायचं. पत्र्याच्या पॅनेलमध्ये अँटेना आतच गुंडाळून ठेवलेला असेल तर रेंज मिळत नाही, तो भोक पाडून बाहेर काढला की निम्मं काम होतं. सिमची कंपनी बदलली असेल तर इंटरनेटचं सेटिंग, ज्याला एपीएन म्हणतात, ते नव्यानं भरावं लागतं. जुन्या डब्यात फक्त टूजी चालतं. जिओ २०१६ मध्ये आली ती थेट फोरजी घेऊन, तिच्याकडं टूजी नाहीच. स्वस्त पडतं म्हणून कुणी त्या डब्यात जिओचं सिम टाकलं तर ते जन्मात लागणार नाही. फोनच्या बाजूला ॲपला लोकेशनची परवानगी नाकारलेली असणं हा नेहमीचा घोळ, आणि ज्या डब्याला वाय-फाय लागतं तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, ५ वर नाही.

ही शेवटची गोष्ट मला आमच्या भाचीच्या कामात उपयोगी पडली. ती जर्मनीत स्टुटगार्टला असते. त्यांच्या घरामागं हिरवळ आहे आणि ती कापायला रोबोट आहे. तो आपला आपण फिरतो, चार्जिंगला परत येतो. तिकडं राहत्या वस्तीत रविवारी गवत कापायचं यंत्र चालवायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं त्याचं वेळापत्रक नीट लावावं लागतं. "मामा, राउटर बदलल्यापासून मशीन ॲपला जोडतच नाही, तुम्ही काही सांगू शकाल का?" असा तिचा फोन. मी तसलं यंत्र जन्मात हाताळलं नव्हतं, पण दुखणं ओळखीचं होतं. नवा राउटर दोन्ही पट्टे एकाच नावानं देत होता. फोन ५ वर, यंत्र २.४ वर. २.४ चं नाव वेगळं करायला सांगितलं, यंत्रातली जुनी नोंद पुसून पुन्हा जोडणी केली, लागलं. जोडणी होईपर्यंत तिची हिरवळ वाढली असती, एवढंच. त्या यंत्रावर पिन टाकायची बटणंही होती, ॲपशिवाय ते सुरू करता येत होतं. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीनं १९९५ मध्ये उन्हावर चालणारा असा रोबोट बाजारात आणला होता, तेव्हा तर ॲपचा प्रश्नच नव्हता. यंत्राचं काम यंत्रातच होतं आणि फोन ही वरची सोय, हा क्रम तिथं टिकला. आमच्या काही डब्यांत तो क्रम उलटा झाला आहे: आधी फोन, मग सर्व्हर, आणि सर्व्हरनं हो म्हटलं तर मोटार.

सर्व्हर बंद झाला तर काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातले दिवे-कुलपं चालवणारा डबा मिळत असे. तो बनवणारी कंपनी नेस्ट नावाच्या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या डब्याचा सर्व्हर बंद केला. घराघरांतले धडधाकट डबे त्या दिवशी निकामी झाले. तिथं दिवे लावायला भिंतीवर बटण तरी होतं.

याच्यावर उपाय नाही असं नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये कायदा केला. शेतीयंत्र बनवणाऱ्यानं सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि माहितीपुस्तिका शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला द्यायची, हे १ जानेवारी २०२४ पासून तिथं बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडणारी घरगुती वस्तू विकताना तिला सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील हे सांगावंच लागतं. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं हे एक क्षेत्र धरलं आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. पण पोर्टलवर माहिती टाकणं आणि कंपनीला कायद्यानं बांधणं यात फार अंतर आहे. ते अंतर आता कापायला हवं.

माझी मागणी साधी आहे. पाणी उपसणाऱ्या कुठल्याही यंत्राला ॲप नसतानाही चालता आलं पाहिजे. डब्यावर बटण हवं, आणि साध्या कॉलनं किंवा एसएमएसनं मोटार चालू-बंद करता आली पाहिजे. मालक बदलला, वारला, नंबर गेला, तर पावती आणि डब्यावरचा क्रमांक दाखवून गावातल्याच दुकानात नवी नोंदणी व्हावी. जुनी नोंद पुसण्याची आणि एपीएन भरण्याची पद्धत मराठीत छापून डब्याच्या झाकणावर चिकटवलेली असावी. आणि सर्व्हर किमान कोणत्या सालापर्यंत चालू राहील, ते साल किमतीशेजारी छापावं. यातली एकही गोष्ट महाग नाही. दोन रिले आणि एका बटणाची किंमत मला माहीत आहे.

सरकारला हे जमण्यासारखं आहे, कारण सरकार स्वतःच मोठं गिऱ्हाईक आहे. पीएम-कुसुम आणि 'मागेल त्याला सौर कृषिपंप' या योजनांतून गावोगाव पंप बसताहेत, त्यांच्या कंट्रोलरमध्येही दुरून नजर ठेवणारी सिमची यंत्रणा असते. त्या पंपांनी कसं चालावं हे सरकारी अटींत बारकाईनं लिहिलेलं असतं. तिथंच या चार ओळी घाला. अनुदानाच्या यंत्राला जी अट लागेल, तीच थोड्या दिवसांत बाजारातल्या सगळ्या यंत्रांना लागते, हे मी ठिबकच्या बाबतीत पाहिलं आहे.

तोवर शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, मोबाईल स्टार्टर घेताना दुकानदाराला नेट बंद करून मोटार चालवून दाखवायला सांगा. नोंदणी दुकानदाराच्या नंबरवर करू देऊ नका, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबरही त्यात त्याच दिवशी टाकून घ्या. पक्की पावती मागा, तिच्यावर डब्याचा क्रमांक लिहून घ्या. तरीही कंपनीनं अडवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. तिथं तक्रार मराठीत नोंदवता येते.