ऑलिव्ह ऑइल घशाला झोंबतं, म्हणून गोळी बंद करायची?

गेल्या महिन्यात एक ताई आल्या. शाळेत शिकवतात. दोन्ही हातांची बोटं सुजलेली, खडू धरवत नव्हता. दीड वर्षापूर्वी आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालेलं आणि मेथोट्रेक्सेटवर त्यांचं छान चाललं होतं. मग बिघडलं कुठे? त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, चार महिने गोळी बंद आहे. रोज उपाशीपोटी हे तीन मोठे चमचे घेते. यात नैसर्गिक ब्रुफेन असतं म्हणे."

गोची अशी की ही निव्वळ थाप नाही. थाप असती तर मोडून काढायला सोपी होती.

गॅरी ब्यूचँप नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ सिसिलीत ताजं ऑलिव्ह तेल चाखत होते. घशात मागच्या बाजूला जी झोंब जाणवली ती त्यांच्या ओळखीची होती. आयबुप्रोफेनचं पातळ औषध चाखताना नेमकी तशीच झोंबायची. त्यातून सापडलेल्या द्रव्याचं नाव ओलिओकँथल. सूज वाढवणाऱ्या ज्या एन्झाइमना आयबुप्रोफेन अडवतं, त्यांनाच हेही अडवतं. २००५ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. इथपर्यंत सगळं खरं.

पण त्याच लेखातला हिशेब फॉरवर्ड करणारे गाळतात. रोज ५० ग्रॅम तेल प्यायलं तर आयबुप्रोफेनच्या नेहमीच्या डोसाच्या जेमतेम १० टक्के परिणाम मिळेल. ५० ग्रॅम तेल म्हणजे ४५० कॅलरी, चार-साडेचार पोळ्या! आणि खरा मुद्दा पुढेच आहे. आमवातात ब्रुफेनचा पूर्ण डोस घेतला तरी दुखणं आणि सूज कमी होते, सांध्याचं हाड झिजणं थांबत नाही. ते थांबवायला मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लागतात. म्हणजे जे औषध शंभर टक्के घेऊनही सांधा वाचवत नाही, त्याच्या दहा टक्क्यांवर ताईंनी चार महिने काढले.

"पण संशोधन झालंय ना?" झालंय. स्पेनमधल्या सेव्हिलच्या संशोधकांनी या तेलातली पॉलिफेनॉल्स देऊन उंदरांच्या सांध्यांची सूज कमी करून दाखवली. उंदरांच्या. माणसांवर स्वीडनमध्ये २००३ साली एक छोटा अभ्यास छापला गेला: तीन महिने भूमध्य सागराकाठचा आहार, म्हणजे भाज्या, फळं, मासे, ऑलिव्ह तेल. रुग्णांना थोडा फरक पडला. मात्र औषधं चालू होती, हे वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. युरोपातल्या नियमानुसार ऑलिव्हच्या पॉलिफेनॉल्सबद्दल बाटलीवर एवढंच लिहिता येतं की रक्तातल्या चरबीचं ऑक्सिडेशनपासून रक्षण होतं. सांध्यांचा त्यात उल्लेख नाही.

ताईंची बाटली मी फिरवून पाहिली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पोमेस'. तेल काढून उरलेल्या चोथ्यातून रसायन वापरून काढलेलं, मग रिफाइन केलेलं तेल. रिफाइन करताना ओलिओकँथल जवळजवळ सगळं निघून जातं. 'लाइट'चंही तेच. म्हणजे ते दहा टक्केसुद्धा नव्हते.

माझा राग ताईंवर नाही. 'डाएट थेरपी'च्या नावाखाली फी घेऊन "केमिकल बंद करा" असं तोंडी सांगणाऱ्यांवर आहे. हेच तुम्ही लेटरहेडवर लिहून, सही करून द्याल का? आणि थोडा आम्हा डॉक्टरांवरही. पेशंट विचारतो, "काय खाऊ?" आम्ही म्हणतो, "सगळं खा," आणि पुढचा नंबर बोलावतो. त्या रिकाम्या जागेत फॉरवर्ड शिरतो.

परवडत असेल तर चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन कोशिंबिरीवर जरूर घाला, हृदयालाही बरं. नाहीतर आपलं शेंगदाण्याचं तेल बेताने वापरा, बिघडत नाही. मेथोट्रेक्सेटची मात्र धास्ती नको: आठवड्यातून एकदाच (रोज कधीही नाही), सोबत फॉलिक अॅसिड, ठरावीक काळाने रक्त आणि लिव्हरची तपासणी. मळमळ होत असेल तर सांगा, डोस बदलता येतो.

ताईंच्या एक्स-रेमध्ये उजव्या हाताच्या दोन सांध्यांना झीज दिसते. ती भरून येणार नाही. रक्त तपासून, रुमॅटॉलॉजिस्टशी बोलून गोळी पुन्हा सुरू केली आहे. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतील. "उरलेल्या तेलाचं काय करू?" त्यांनी जाताना विचारलं. भाजी करा म्हटलं.