तारीख पोर्टिंग टीमला विचारून ठरवा

सोनीने मे 2022 मध्ये गुंतवणूकदारांपुढे ठेवलेले आकडे पोर्टिंगच्या कामातल्या प्रत्येकाने वाचावेत असे आहेत. मार्च 2022 अखेरपर्यंत ‘होरायझन झीरो डॉन’च्या पीसीवर जवळपास 24 लाख प्रती खपल्या आणि निव्वळ महसूल 6 कोटी डॉलर झाला. ‘गॉड ऑफ वॉर’ त्याच वर्षी जानेवारीच्या मध्यावर पीसीवर आला. अडीच महिन्यांत 9 लाख 71 हजार प्रती आणि 2 कोटी 62 लाख डॉलर. भागाकार केला तर प्रतीमागे 25 ते 27 डॉलर पडतात. प्लेस्टेशनवर हे गेम 2017 आणि 2018 मध्येच येऊन गेले होते. कथा, कला, संगीत, आवाज सगळे तयार होते; नव्याने झाले ते फक्त पोर्टिंग. एवढ्या कामावर इतका पैसा येत असताना वेळापत्रकात मात्र पोर्ट आजही शेवटच्या रांगेत बसतो. मूळ गेम लांबला की पोर्टचे महिने कापले जातात आणि प्रकाशनाची तारीख मार्केटिंग विभाग आधीच जाहीर करून बसलेला असतो.

‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’चे उदाहरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. एचबीओवरच्या मालिकेचा पहिला हंगाम 12 मार्च 2023 ला संपला. गेम कधी खेळला नाही अशा लाखो लोकांना तो विकत घ्यावासा वाटेल, असा हा क्षण होता. पीसी आवृत्ती 3 मार्चला यायची होती, ती 28 मार्चवर गेली. पुढे ढकलूनही ती तयार नव्हती. गेम सुरू केला की मेनूवर शेडर बांधण्याचे काम चालू व्हायचे. अनेकांकडे ते अर्धा तास चालले, काहींकडे तासाहूनही जास्त. कन्सोलवर हा प्रश्न येत नाही, कारण ग्राफिक्स चिप एकच असते आणि शेडर आधीच तयार करून गेमबरोबर देता येतात. पीसीवर कार्ड वेगळे, ड्रायव्हर वेगळा, म्हणून ते ज्याच्या त्याच्या यंत्रावर बांधावे लागतात.

आता हाच अर्धा तास ग्राहकाच्या बाजूने पाहा. स्टीमवर रिफंड मिळतो तो खरेदीनंतर 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर. मेनूवर ताटकळलेला वेळसुद्धा खेळण्यातच मोजला जातो. पूर्ण किंमत मोजलेला माणूस पट्टी पुढे सरकण्याची वाट पाहत बसतो आणि त्याच वेळी पैसे परत मागण्याची त्याची मुदत सरत असते. सावध ग्राहक अशा वेळी थांबत नाही. तो गेम परत करतो, नकारात्मक अभिप्राय लिहितो आणि मोकळा होतो. पहिल्या दिवशी गेमच्या स्टीमवरच्या पानावर असेच अभिप्राय साचले.

दुसरे दुखणे मेमरीचे. प्लेस्टेशन 5 मध्ये 16 जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून वापरतात. पीसीवर हे दोन कप्पे वेगळे असतात आणि तेव्हा घरोघरी 8 जीबीची कार्डे होती. अशा कार्डावर टेक्श्चर एक पायरी खाली आणले की भिंती आणि कपडे मातीने सारवल्यासारखे दिसत. पुढच्या काही महिन्यांत पॅचवर पॅच आले आणि चित्र बरेच सुधारले. म्हणजे उपाय अशक्य नव्हता, वेळ दिला गेला नव्हता. तोवर मालिकेने आणलेला ग्राहक निघून गेलेला होता.

‘बॅटमॅन: आर्खम नाइट’चा धडा त्याच्याही आठ वर्षे आधीचा. 23 जून 2015 ला गेम आला तेव्हा पीसीवर तो सेकंदाला 30 फ्रेमवर बांधलेला होता. ती मर्यादा उठवायची तर ग्राहकाला स्वतः फाइल उघडून आकडा बदलावा लागे, आणि बदलल्यावरही गाडी चालवताना चित्र अडखळायचेच. स्टीमचा रिफंड त्याच महिन्यात सुरू झाला होता. वॉर्नर ब्रदर्सने दोन-तीन दिवसांतच पीसीवरची विक्री थांबवली, 28 ऑक्टोबरला गेम पुन्हा बाजारात आणला आणि कितीही तास खेळले असले तरी वर्षअखेरपर्यंत पूर्ण पैसे परत करू, असे जाहीर केले. मॅक आणि लिनक्स आवृत्त्या पुढच्या वर्षी रद्दच झाल्या. मुळात मागणी असलेला, जाणकारांनी वाखाणलेला गेम होता तो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ‘एल्डन रिंग’ 2022 मध्ये 60 फ्रेमची मर्यादा आणि अडखळणारे चित्र घेऊनच पीसीवर आला, तरी स्टीमवर एका वेळी साडेनऊ लाखांवर लोक तो खेळत होते. हे खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. असाधारण गेम वाईट पोर्ट पचवतो. पण याच फ्रॉम सॉफ्टवेअरचा 2012 मधला ‘डार्क सोल्स’ आठवा. पीसी आवृत्तीसाठी नव्वद हजारांवर लोकांनी सह्या केल्या होत्या, म्हणजे ग्राहक स्वतःहून दारात उभा होता. त्याला मिळाला तो गेम कोणतेही रिझोल्यूशन निवडले तरी आत 1024 गुणिले 720 वरच चित्र काढत होता. पीटर थोमान या खेळाडूने, म्हणजे ‘ड्युरांटे’ने, प्रकाशनाच्याच दिवशी त्यावर दुरुस्ती लिहून फुकट वाटली. बाहेरच्या एका माणसाला दिवसभरात जमणारे काम कंपनीला जमू नये? ज्ञान कमी पडले म्हणावे, तर ते बाजारात उपलब्ध होते. थोमान पुढे व्यावसायिक पोर्टिंगच करू लागले. ‘एल्डन रिंग’ तरला तो त्याच्या गुणांवर, आणि ते गुण प्रत्येक गेमच्या वाट्याला येत नाहीत.

सोनीने जुलै 2021 मध्ये नेदरलँड्समधला निक्सेस स्टुडिओ विकत घेतला. ‘टूम रेडर’ आणि ‘ड्यूस एक्स’चे पोर्ट करून हात बसलेली ही मंडळी. त्यांचा ‘स्पायडर-मॅन’ ऑगस्ट 2022 मध्ये आला तो रे ट्रेसिंग, अल्ट्रावाइड पडदा, माउस-कीबोर्डची नीट मांडणी या सगळ्यांसह. तुलनेने जुन्या कार्डांवरही तो नीट चालला. पोर्टिंग हे अनुभवी माणसांचे स्वतंत्र कौशल्य आहे, हे इथे मान्य झाले होते. तरी सात महिन्यांनी सोनीच्याच नावाने ‘द लास्ट ऑफ अस’ तसा यावा, हे आम्हाला आजही सलते.

पुण्यात युबिसॉफ्ट आणि सुमो डिजिटलचे स्टुडिओ गेल्या दशकाच्या आधीपासून आहेत. आपल्याकडचे अनेक प्रोग्रामर आणि टेस्टर परदेशी प्रकाशकांसाठी पडद्यामागचे काम करतात. टेस्टरने बग नोंदवायचा, प्रोड्यूसरने ‘नंतर पाहू’ असा शेरा मारायचा आणि बिल्ड ठरल्या दिवशी जायचे, ही साखळी त्यांना तोंडपाठ आहे. टीका झाली की बोल लागतो तो शेवटच्या कडीला, ज्यांच्या हातात ना तारीख होती ना पैसा.

आमची मागणी करारापुरती आहे. पोर्टिंगचे काम घेताना प्रकाशनाआधीच्या एका चाचणीचा उल्लेख लेखी असावा: कोरी विंडोज, 8 जीबीचे कार्ड, शेडरची साठवण रिकामी, आणि पहिले दोन तास, म्हणजे रिफंडची पूर्ण मुदत, सलग खेळून पाहायची. मेनूवर किती मिनिटे गेली, चित्र कुठे कुठे अडखळले, याची नोंद प्रकाशकाच्या सहीने व्हावी. या चाचणीत बिल्ड नापास झाले तर तारीख पुढे नेण्याचा अधिकार पोर्टिंग टीमच्या प्रमुखाकडे असावा, आणि वाढलेल्या दिवसांचे पैसे प्रकाशकाने द्यावेत. पुढच्या करारावर सही करण्याआधी हे कलम मागून पाहा. नकार आला तर तो लेखी घ्या.