जाहीर इशारा : समृद्धीचा टोल घेता, तर देखभालीचा हिशेब द्या!

प्रति,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ व वाशिम जिल्हा प्रशासन

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि समृद्धी महामार्ग कारंज्याच्या दारात आला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. उद्घाटने आटोपली, आता देखभालीची वेळ आहे.

मोटारीचा टोल सुरुवातीला किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता. १ एप्रिल २०२५ पासून तो २ रुपये ६ पैसे झाला. टोलवाढीची तारीख ठरते, तशी दुरुस्तीचीही ठरली पाहिजे.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस पेटून २५ प्रवासी होरपळून मेले. आमच्या तालुक्यातली माणसे रोज याच रस्त्याने जातात.

इथले धोके इथल्या जमिनीतलेच आहेत. हा मार्ग कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या परिसरातून जातो. ताशी १२० च्या वेगात रोही आडवा आला, तर चालकाला सावरायला वेळ मिळत नाही. शिवाय आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भराव खचला की वरच्या काँक्रीटचा आधार सुटतो. म्हणून प्रत्येक पावसाळ्याआधी व नंतर तपासणी झालीच पाहिजे.

आमच्या मागण्या :

१. जिल्ह्यातील संपूर्ण पट्ट्याची वनविभाग, पोलीस व लगतच्या शेतकऱ्यांसह संयुक्त पाहणी करा.
२. कुंपण तुटल्यास २४ तासांत दुरुस्त करा.
३. रुग्णवाहिका, क्रेन व अग्निशमन गाडी कुठे उभी आहे, किती वेळात पोहोचेल, हे जाहीर करा.
४. शेतरस्त्यांचे बोगदे व नाल्या मोकळ्या ठेवा.
५. जिल्ह्यातील देखभालीचा खर्च व ठेकेदाराची जबाबदारी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करा.

यासाठी आजपासून १५ दिवसांची मुदत देत आहोत. सोळाव्या दिवशी कारंजा टोलनाक्याबाहेर बेमुदत धरणे सुरू होईल आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल होईल. धावत्या महामार्गावर आम्ही उतरणार नाही, कारण आणखी बळी नकोत. पण तोंडी आश्वासनावर उठणारही नाही. लेखी, तारखेसह उत्तर द्या.

कारंजा लाड शहर व तालुक्यातील नागरिक