ॲपमध्ये चालू, छतावर बंद

फॉल्स सीलिंगचं काम निघालं की घरात रिमोटचे दिवे येतात. थोड्याच दिवसांत घरातलं कुणीतरी आयआर ब्लास्टर आणतं. ही छोटी डबी रिमोटचे सिग्नल शिकून घेते, मग तोच दिवा मोबाइलवरून किंवा बोलून लावता येतो. कौतुक सुरू असतानाच तक्रार येते : रात्री ‘सगळे दिवे बंद कर’ म्हटलं, की हॉलमधला आधीच बंद असलेला दिवा नेमका लागतो. लोक वायफायला दोष देतात, राउटर बदलतात, ॲप काढून पुन्हा टाकतात. माझी विनंती आहे, त्यात पैसे घालू नका. आधी गोंधळ कुठे होतो ते समजून घ्या.

साधा इन्फ्रारेड रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे झटके पाठवतो, बहुतेक वेळा ३८ किलोहर्ट्झच्या लयीत. दिवा हुकूम ऐकतो, पण उलट काहीच कळवत नाही. म्हणजे डबीला पोच मिळत नाही. आपण शेवटचं जे पाठवलं तेच खरं, असं ॲप धरून चालतं. आजीने हातातल्या रिमोटने दिवा मालवला, तर ॲपला त्याचा पत्ताच नसतो. भिंतीआडून चालणाऱ्या ४३३ मेगाहर्ट्झच्या स्वस्त रिमोटचंही बहुधा असंच असतं. त्यात अनेक रिमोटवर चालू आणि बंद दोन्हींसाठी बटण एकच. ते दाबलं की दिवा असेल त्याच्या उलट होतो. ॲपने ‘बंद’ म्हणून पाठवलेला सिग्नल दिव्यासाठी फक्त ‘उलटा हो’ एवढाच असतो.

तुमच्या घरी काय आहे, हे लगेच तपासता येतं. ॲपवरून दिवा लावा. मग हातातल्या रिमोटने बंद करा आणि ॲप बघा. तिथे अजून ‘चालू’ दिसत असेल, तर तुमचा दिवा पोच देत नाही.

आता उपाय, स्वस्तापासून सुरुवात करू. रिमोटवर ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ अशी वेगळी बटणं असतील, तर डबीला दोन्ही वेगवेगळी शिकवा. एलईडी पट्टीसोबत येणाऱ्या २४ बटणांच्या छोट्या रिमोटवर ती असतात. ‘ऑफ’ दहा वेळा गेलं तरी दिवा बंदच राहतो. ॲपचं चित्र कधीमधी चुकेल, पण रात्री भलताच दिवा लागणार नाही.

बटण एकच असेल, तर दिव्याची खरी स्थिती दुसरीकडून कळायला हवी. प्लगवर चालणाऱ्या दिव्याला वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावा. १८ वॅटचा दिवा लागला की आकडा चढतो, मालवला की जवळपास शून्यावर येतो. ‘पाच वॅटच्या वर असेल तरच बंदचा सिग्नल पाठव’ असा नियम बसवता येतो. होम असिस्टंटसारखी प्रणाली वापरणाऱ्यांना हे सहज जमतं.

छतातल्या दिव्यासाठी स्विचबोर्डामागे बसणारं स्मार्ट मॉड्यूल बरं. ते दिव्याचा पुरवठाच चालू-बंद करतं, आपली स्थिती ॲपला कळवतं आणि भिंतीवरचं बटणही चालू ठेवतं. मात्र दोन गोष्टी आधी बघा. पुरवठा तोडून पुन्हा दिल्यावर दिवा आपोआप लागतो का? काही रिमोटचे दिवे तसेच बंद राहतात, त्यांना हे मॉड्यूल कामाचं नाही. दुसरं, बोर्डात न्यूट्रल आहे का? बऱ्याच मॉड्यूलना ती लागते. बोर्डावर प्लग पॉइंट असेल तर न्यूट्रल तिथे असतेच. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. २३० व्होल्टशी घरगुती प्रयोग नकोत. मॉड्यूल बसल्यावर जुना रिमोट कपाटात ठेवा, नाहीतर दिवा रिमोटने बंद आणि ॲपमध्ये चालू, हा खेळ पुन्हा सुरू होईल.

स्मार्ट बल्ब घेतले असतील तर अडचण वेगळी. घरी आलेला पाहुणा सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतो आणि ॲपमध्ये बल्ब ‘ऑफलाइन’ होतो. बल्बला वीजच नाही, तर तो ऐकणार कसा? तिथे बटण चालूच ठेवायचं असं घरात ठरवा आणि शेजारी त्याच बल्बशी जोडलेलं बिनतारी बटण चिकटवा.

आपल्याकडे लाइट जाते हेही विसरू नका. पहाटे तीनला लाइट आली की काही बल्ब झगझगीत पेटतात. ॲपमध्ये ‘पॉवर ऑन बिहेवियर’ अशा नावाची सोय असेल, तर झोपायच्या खोलीत ती ‘ऑफ’वर किंवा ‘आधीची स्थिती’वर ठेवा.

आणि कितीही यंत्रं बसवली, तरी इंटरनेट बंद असताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाताने दिवा लावता आलाच पाहिजे. त्यासाठी मोबाइल शोधावा लागत असेल, तर ती सोय कसली?

दिवा घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढंच सांगा : हातातल्या रिमोटने बंद करा आणि मोबाइलवर तो बंद झालेला दाखवा. दाखवता आलं तर तो घरच्या यंत्रणेला जोडा. नाही आलं तर साधा रिमोटचा दिवा म्हणून खुशाल घ्या, पण त्याच्यावर टायमर आणि ‘सगळे दिवे बंद’चा भार टाकू नका.