जाग्या गावांची जागृती

पर्यावरणविषयक चित्रपटांमुळे ग्रामीण भागात जलसंधारणाची जाणीव वाढते आहे, हे विधान परिसंवादांत, महोत्सवांच्या पुस्तिकांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत इतक्या वेळा आले आहे की ते तपासून पाहण्याची कोणाला गरज वाटेनाशी झाली आहे. आम्हांला ती वाटते. तपासायचेच तर ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांइतकी योग्य जागा दुसरी नाही.

येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिन्यांत तो कोसळतो, कातळावरून आणि तीव्र उतारांवरून वाहून जातो, आणि फाल्गुन-चैत्रात विहिरींचा तळ दिसू लागतो. मग टँकरची वाट पाहणे आले, नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीने हंडा भरणे आले. कॅमेऱ्याला हे दृश्य फार प्रिय आहे. परंतु याच शहापूर तालुक्यात १८९२ सालापासूनचा तानसा तलाव आहे, भातसा धरण आहे. मुंबईला रोज पुरवल्या जाणाऱ्या ३७५ कोटी लिटरांहून अधिक पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचे असते. मुरबाडच्या गावांची जमीन गिळून उभे असलेले बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे आहे, आणि त्याचे पाणी कारखान्यांना व खालच्या शहरांना जाते. म्हणजे टंचाई आहे ती पावसाची नव्हे, वाट्याची.

आता चित्रपट काय दाखवतात ते पाहू. २०१५ साली शहापूर तालुक्यातील डेंगणमाळ हे गाव जगभर गाजले, ते पाणी आणण्यासाठी दुसरी-तिसरी बायको करण्याच्या तेथील प्रथेमुळे. छायाचित्रकार आले, लघुपटवाले आले. डोक्यावर हंड्यांची उतरंड घेतलेली स्त्री चौकटीच्या मधोमध उभी राहिली. पाहणाऱ्याला हळहळ वाटली, थोडे नवलही वाटले. पण या तालुक्याचे पाणी कुठे जाते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. प्रथा विचित्र ठरली. ती जिच्यातून जन्मली ती व्यवस्था मात्र नैसर्गिक मानली गेली.

दुसरा प्रकार प्रेरणापटांचा. आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ (सर्वोत्कृष्ट पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २०१९ साली जाहीर, प्रदर्शन २०२४) नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीची खरी कथा सांगतो, आणि मनापासून सांगतो. पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने गावोगाव श्रमदान उभे केले. प्रशिक्षणासाठी चित्रफितींचा त्यांनी केलेला उपयोग कोणीही नाकारू नये. अवर्षणग्रस्त प्रदेशात पडणारा थेंब अडवायला शिकवणे सार्थच आहे. आमचा आक्षेप आहे तो या कथानकाचा साचा सरसकट वापरण्याला. गाव झोपलेले असते, एक नायक येतो, लोक कुदळी उचलतात, पहिल्या पावसात चर भरतात. या रचनेत खलनायक असतो तो गावकऱ्यांचा आळस किंवा त्यांच्यातील भांडणे. हा साचा शहापुरात आणून ठेवला की तो सरळसरळ असत्य बोलू लागतो. ज्या घरात नळच नाही, तेथील मुलांना ‘दात घासताना नळ बंद ठेवा’ असे सांगणारी चित्रफीत दाखवणे याला प्रबोधन म्हणायचे की थट्टा?

आणि ही गावे झोपलेली तरी कधी होती? मुरबाड तालुक्यात काळू नदीवर महानगरासाठी आणखी एक धरण बांधायला घेतले गेले, तेव्हा वनमंजुरी नसताना चाललेले ते काम २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने थांबवले. त्यासाठी श्रमिक मुक्ती संघटनेसोबत येथलेच लोक लढले. कोणता झिरा वैशाखापर्यंत टिकतो हे हंडा वाहणारी बाई कोणत्याही जलतज्ज्ञाआधी सांगेल. जाणीव कमी असेल तर ती पाइपच्या दुसऱ्या टोकाला आहे.

चित्रपटाने दरवेळी राजकारणच सांगावे काय, असा प्रश्न साहित्याचे प्राध्यापक विचारतील. न विचारता काय करतील! परंतु नायक कोण, प्रतिनायक कोण आणि चौकटीबाहेर काय ठेवले, हा रचनेचाच प्रश्न आहे. धरणाने उठवलेल्या माणसांची गोष्ट मराठी कादंबरीने ‘झाडाझडती’मध्ये (१९९१) धरणाला आणि शासनाला चौकटीत ठेवूनच सांगितली होती. कादंबरीला जे पेलले ते माहितीपटाला का पेलू नये? पेलते, हेही दिसलेले आहे. २००८ च्या ‘एक डझन पानी’ या लघुपटमालिकेत जोगेश्वरीच्या वस्त्यांतील तरुणांनी आपल्याच नळांचा आणि रांगांचा मागोवा कॅमेऱ्याने घेतला. तेथे पाणी म्हणजे कोणी तरी कोणाला तरी देण्याची वा नाकारण्याची गोष्ट होती.

आम्हांला हवा असलेला चित्रपट अवघडही नाही. भातसाच्या दरवाज्यापासून निघावे, नदीच्या पात्रातून खाली पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत पाण्यासोबत जावे, तेथून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात शिरावे, आणि पुढे मुंबईतल्या एखाद्या विसाव्या मजल्यावर नळ उघडेपर्यंत थांबू नये. वाटेत काठावरच्या प्रत्येक पाड्यावर उतरून विचारावे की तुमच्याकडे टँकर कोणत्या महिन्यात येतो.